तारीख नसलेली शिक्षा : विली वुडबर्नबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका टिपणात ओझरतं वाक्य होतं : ग्लासगोच्या रेंजर्स फुटबॉल क्लबचा सेंटर-हाफ विली वुडबर्न याला १९५४ साली स्कॉटलंडमध्ये बेमुदत बंदी घातली गेली. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

हा वुडबर्न खेळाडू म्हणून खरंच मोठा होता, की बंदीमुळेच त्याचं नाव राहिलं?
— एक वाचक, सातारा

मोठा होता. उलट बंदीमुळे त्याचं मोठेपण झाकलं गेलं, असं आमचं ठाम मत आहे.

जन्म ८ ऑगस्ट १९१९, एडिनबरा. १९३७ साली रेंजर्सने त्याला घेतलं आणि १९३८ च्या हंगामात तो पहिल्या संघात आला. वर्षभरात युद्ध सुरू झालं, नेहमीची लीग बंद पडली. युद्धकाळात सामने होत राहिले, पण त्यांची गणती अधिकृत आकडेवारीत होत नाही. विशीपासून सव्विशीपर्यंतची वर्षं अशी नोंदीबाहेर गेली. त्याच्या नावापुढे जे काही दिसतं ते त्यानंतरचं. चार लीग विजेतेपदं (१९४६-४७, १९४८-४९, १९४९-५०, १९५२-५३), चार स्कॉटिश कप (१९४८, १९४९, १९५०, १९५३) आणि दोन लीग कप. स्कॉटलंडकडून तो २४ सामने खेळला. पहिला सामना एप्रिल १९४७ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडशी १-१, शेवटचा १९५२ मध्ये.

त्यातला १९४८-४९ चा हंगाम जरा थांबून पाहण्यासारखा आहे. लीग, स्कॉटिश कप आणि लीग कप हे तिन्ही एकाच हंगामात कोणीही जिंकलं नव्हतं. रेंजर्सने लीग कपच्या अंतिम सामन्यात रेथ रोव्हर्सला २-० ने आणि स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात क्लाइडला ४-१ ने हरवलं. राहिली लीग. शेवटच्या दिवशी डंडी संघ पुढे होता, त्याला फक्त फॉलकर्कमध्ये जिंकायचं होतं. डंडी तिथे ४-१ ने हरला. त्याच दुपारी रेंजर्सने अल्बियन रोव्हर्सला त्यांच्याच मैदानावर ४-१ ने हरवलं, विली थॉर्नटनने तीन गोल केले. आदल्याच वर्षी, २७ मार्च १९४८ ला, हॅम्पडेन पार्कवर रेंजर्स आणि एडिनबराचा हायबर्नियन यांचा स्कॉटिश कपचा उपांत्य सामना झाला होता. त्याला १,४३,५७० प्रेक्षक होते, आणि निकाल लागला तो थॉर्नटनच्या एका गोलवर. बचावपटू कोणत्या दडपणाखाली उभे असायचे याची कल्पना या आकड्यावरून यावी.

त्या संघाच्या मागच्या सहा जणांना लोक ‘पोलादी पडदा’ म्हणायचे. चर्चिल यांचं मार्च १९४६ चं भाषण ताजं होतं, शब्द तिथूनच आला. गोलरक्षक बॉबी ब्राउन, फुल-बॅक जॉर्ज यंग आणि ‘टायगर’ जॉक शॉ, पुढे इयन मकॉल, वुडबर्न आणि सॅमी कॉक्स. १९४९-५० मध्ये लीगच्या ३० सामन्यांत या संघाने २६ गोल खाल्ले.

आमच्याकडे तालीम मंडळांच्या सामन्यांत मधल्या बचावपटूला ‘स्टॉपर’ म्हणतात. मग वुडबर्नला तुम्ही ‘सेंटर-हाफ’ का म्हणता? हाफ म्हणजे मधल्या फळीतला ना?
— एक वाचक, कोल्हापूर

मुद्द्याचा प्रश्न. दोन्ही शब्द बरोबर आहेत, आणि त्यांच्यामध्ये फुटबॉलच्या एका नियमाचा इतिहास दडलेला आहे.

जुन्या रचनेत मागे दोन फुल-बॅक, मध्ये तीन हाफ आणि पुढे पाच आघाडीवीर असत. तिघांतला मधला तो सेंटर-हाफ. तो पुढे जाऊन चाली रचायचा आणि मागे येऊन अडवायचाही. १९२५ पर्यंत ऑफसाइडचा नियम असा होता की, चेंडू पुढे येतो त्या क्षणी आघाडीवीर आणि गोलरेषा यांच्यामध्ये विरुद्ध संघाचे निदान तीन खेळाडू हवेत, नाहीतर तो ऑफसाइड आणि चाल तिथेच थांबली. एक गोलरक्षक धरला तर उरतात दोन फुल-बॅक. त्यातला एक जरी चार पावलं पुढे सरकला की समोरची सगळी फळी ऑफसाइड, आणि दुसरा मागे थांबलेला असल्यामुळे धोका शून्य. सामने मधल्या पट्ट्यातच अडकून पडायला लागले. स्कॉटिश फुटबॉल असोसिएशननेच बदल सुचवला आणि १९२५ साली तीनाचे दोन झाले.

परिणाम लगेच दिसला. इंग्लंडच्या पहिल्या विभागात १९२४-२५ मध्ये ४६२ सामन्यांत १,१९२ गोल झाले होते. पुढच्या हंगामात तेवढ्याच सामन्यांत १,७०३. सामन्याला अडीचवरून साडेतीनच्या वर. आता एक फुल-बॅक चुकला तर पाठीमागे कोणीच नाही. त्यामुळे सेंटर-हाफला मधल्या फळीतून ओढून दोन फुल-बॅकच्या मध्ये उभं केलं गेलं. आर्सेनलमध्ये हर्बर्ट चॅपमन यांनी ती रचना घडवली आणि सगळ्या ब्रिटनने उचलली. काम बदललं, जागा बदलली, पण नाव आणि पुढे आलेला ५ नंबरचा शर्ट तसाच राहिला. तुमचा ‘स्टॉपर’ हा शब्द त्या बदललेल्या कामावरून पडला आहे.

वुडबर्नच्या काळात त्या रचनेतली वाटणी पक्की असे. ५ नंबरने समोरच्या ९ नंबरला, म्हणजे सेंटर-फॉरवर्डला धरायचं. २ आणि ३ नंबरचे फुल-बॅक विंगरना, म्हणजे कडेच्या आघाडीवीरांना धरणार. ४ आणि ६ नंबरचे विंग-हाफ, म्हणजे कडेचे दोन हाफ, समोरच्या दोन इनसाइड फॉरवर्डना, म्हणजे विंगर आणि सेंटर-फॉरवर्ड यांच्या मधल्या आघाडीवीरांना. ऐकायला सोपं वाटतं, पण खरी कसोटी वळणावर असते. चेंडू आपल्या उजव्या कडेला गेला की उजवा फुल-बॅक विंगरवर जातो, सेंटर-हाफ किंचित त्या बाजूला सरकतो आणि डावा फुल-बॅक आपला विंगर सोडून आत, सेंटर-हाफच्या पाठीमागे येतो. चेंडू पलीकडे गेला की सगळं उलट. दाराची बिजागरी असावी तसा सेंटर-हाफ मध्ये आणि दोन्ही फळ्या त्याच्याभोवती फिरणाऱ्या. वुडबर्न यात तरबेज होता. हवेतल्या चेंडूवर पक्का, दोन्ही पायांनी खेळणारा, आणि चेंडू मिळाला की नुसता आकाशात न उडवता आपल्या माणसाला देणारा. शेजारचा जॉर्ज यंग सहा फूट दोन इंच उंच. तो लांब, जोरकस फटक्यांनी मैदान मोकळं करायचा. दोघांचे स्वभाव वेगळे, म्हणूनच ती जोडी जमली.

ही रचना मोडायची कशी, ते हंगेरीने नोव्हेंबर १९५३ मध्ये वेम्बलीवर दाखवलं. ९ नंबरचा हिदेगकुटी पुढे थांबलाच नाही, मागे मधल्या पट्ट्यात उतरला. इंग्लंडच्या सेंटर-हाफपुढे दोन वाटा होत्या. त्याच्या मागे जावं तर मध्ये भगदाड, थांबावं तर हिदेगकुटी मोकळा. इंग्लंड ६-३ ने हरलं.

लीग गोल करून जिंकतात. बचावाचं एवढं कौतुक कशासाठी?
— एक वाचक, पुणे

१९५२-५३ ची स्कॉटिश लीग कागदावर मांडून पाहा. रेंजर्स आणि हायबर्नियन, दोघांचे ४३ गुण. रेंजर्सचे गोल ८०, खाल्लेले ३९. हायबर्नियनचे ९३, खाल्लेले ५१. हायबर्नियनची आघाडी म्हणजे स्मिथ, जॉन्स्टन, राइली, टर्नबुल आणि ऑरमंड, त्या काळात ब्रिटनमध्ये गाजलेले पाच जण. तेरा गोल जास्त करूनही ते दुसरे आले.

कारण तेव्हा बरोबरी सुटायची ती गोलच्या सरासरीवर : केलेले भागिले खाल्लेले. रेंजर्स ८० ÷ ३९ = २.०५. हायबर्नियन ९३ ÷ ५१ = १.८२. आजच्यासारखी वजाबाकी असती तर रेंजर्स ४१ आणि हायबर्नियन ४२, म्हणजे करंडक एडिनबराला गेला असता.

या भागाकारात बचावाचं वजन किती, तेही मोजता येतं. गुण तेवढेच धरून रेंजर्सने आणखी पाच गोल खाल्ले असते तर ८० ÷ ४४ = १.८१८, आणि लीग हातची गेली असती. पुढच्या बाजूने तेवढंच नुकसान व्हायला त्यांना नऊ गोल कमी करावे लागले असते (७१ ÷ ३९ = १.८२०). त्या वर्षी मागे वाचवलेला एक गोल पुढच्या जवळजवळ दोन गोलांच्या तोलाचा होता. शेवटच्या सामन्यात डम्फ्रीजला क्वीन ऑफ द साउथविरुद्ध विली वॉडेलने बरोबरीचा गोल केला, १-१ झाले आणि तो एक गुण मिळाला. लोकांच्या लक्षात तो गोल राहतो. वर्षभर न खाल्लेले गोल कोणाच्याच डोळ्यांसमोर नसतात.

वुडबर्नने नक्की केलं काय? किती लाल कार्डं झाली होती?
— एक वाचक, नाशिक. याच आशयाची आणखी पत्रं अकोला आणि बेळगावहून

कार्ड एकही नाही, कारण कार्डं अस्तित्वातच नव्हती. ती पहिल्यांदा १९७० च्या विश्वचषकात आली. १९५४ मध्ये रेफ्री खेळाडूला तोंडी ताकीद द्यायचा, किंवा मैदानाबाहेर जायला सांगायचा. मग त्याचा लेखी अहवाल असोसिएशनकडे जाई, समिती खेळाडूला बोलावून घेई आणि शिक्षा ठरवी. अमक्या गुन्ह्याला इतके सामने असं आजच्यासारखं कोष्टक नव्हतं. आधीच्या नोंदी आणि समितीचा कल, यावर सगळं.

वुडबर्नच्या आधीच्या नोंदी वाईट होत्या, हे लपवण्यात अर्थ नाही. १९४८ मध्ये मदरवेलच्या डेव्ही मॅथीशी झटापट, १४ दिवस. १९५३ मध्ये क्लाइडच्या बिली मॅकफेलला ठोसा, २१ दिवस. त्याच वर्षी पुढे स्टर्लिंग अल्बियनविरुद्ध पुन्हा बाहेर, या वेळी सहा आठवडे आणि सोबत स्पष्ट इशारा : यापुढे काही घडलं तर अत्यंत गंभीर दखल घेतली जाईल.

आणि मग २८ ऑगस्ट १९५४. रेंजर्सचं आयब्रॉक्स मैदान, लीग कपचा गटातला सामना, समोर पुन्हा स्टर्लिंग अल्बियन. रेंजर्स २-० ने पुढे, सामना संपत आलेला. स्टर्लिंगचा तरुण खेळाडू अ‍ॅलेक पॅटर्सन वुडबर्नला भिडला, आधीच दुखावलेल्या गुडघ्यात कळ गेली आणि वुडबर्नने वळून त्याला डोक्याने मारलं. सामना जिंकलेला होता, चेंडूचा काही प्रश्न नव्हता. त्याला बाहेर काढलं ते योग्यच होतं.

एक गोष्ट मात्र आजच्या वाचकाने ध्यानात घ्यावी. दुखऱ्या गुडघ्यानिशी पस्तिशीतला माणूस शेवटच्या मिनिटापर्यंत मैदानात का होता? कारण तेव्हा बदली खेळाडू नव्हते. स्कॉटलंडमध्ये ते १९६६ मध्ये आले. जखमी खेळाडू बाहेर गेला की संघ दहा जणांचा. म्हणून लंगडत का होईना, खेळायचंच. १९५३ च्या कपच्या अंतिम सामन्यात गोलरक्षक जॉर्ज निव्हनच्या डोक्याला लागलं तेव्हा राखीव गोलरक्षक नव्हता. जॉर्ज यंगने त्याची जर्सी चढवली आणि तो गोलात उभा राहिला. दुखऱ्या अंगाने खेळणाऱ्याचा तोल लवकर जातो. याने गुन्हा माफ होत नाही, पण तो घडला कसा ते कळतं.

मी वकिली करतो. ‘बेमुदत’ ही शिक्षा कायद्याच्या दृष्टीने मला विचित्र वाटते. तिची मुदत कोण ठरवणार होतं?
— एक वाचक, ठाणे

तिथेच सगळी खोच आहे. १४ सप्टेंबर १९५४ ला समितीपुढे सुनावणी झाली आणि ती चार मिनिटांत उरकली. निकाल लॅटिनमध्ये दोन शब्दांचा : ‘साइने डाय’, दिवस न ठरवता. कोर्टाचं किंवा सभागृहाचं कामकाज बेमुदत तहकूब होतं तेव्हा वापरतात तोच शब्द. पण तहकूब झालेलं कामकाज पुन्हा सुरू करणारं कोणीतरी असतं. इथे ती किल्ली शिक्षा देणाऱ्याकडेच राहिली. बंदी उठवायची की नाही, कधी, कोणत्या अटीवर, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. खेळाडूने अर्ज करत राहायचं, एवढंच.

जन्मठेप आणि बेमुदत यांत फरक आहे, असं कोणी म्हणेल. कागदावर आहे. खेळाडूच्या शरीराला मात्र दोन्ही सारखेच. पस्तिसाव्या वर्षी ‘एक वर्ष’ असं सांगितलं असतं तर वुडबर्नने ठरवलं असतं, सराव चालू ठेवायचा की निवृत्त व्हायचं. ‘तीन वर्षं’ म्हटलं असतं तर दुसऱ्याच दिवशी बूट टांगले असते आणि निरोपही घेतला असता. तारीखच नाही म्हटल्यावर यातलं काहीच जमत नाही. क्लबलाही त्याच्या जागी कोण, किती दिवसांसाठी, हे ठरवता येईना. शेवटी यंगला मध्ये आणून बसवलं.

एप्रिल १९५७ मध्ये बंदी उठली. वुडबर्न ३७ वर्षांचा होता. तो पुन्हा खेळला नाही. नंतर त्याने वृत्तपत्रात फुटबॉलवर लिहिलं. डिसेंबर २००१ मध्ये त्याचं निधन झालं.

आमचं मत विचाराल तर शिक्षा व्हायलाच हवी होती, आणि आधीचे तीन गुन्हे पाहता ती लांबलचकही हवी होती. पण तिच्यावर तारीख हवी होती. पहिल्या शिक्षेपासून शेवटच्या शिक्षेकडे पाहा : १४ दिवस, २१ दिवस, सहा आठवडे, आणि मग एकदम अंतच नसलेली. मधल्या सगळ्या पायऱ्या गाळल्या गेल्या.

१९५० च्या विश्वचषकाला भारत अनवाणी खेळायला परवानगी नव्हती म्हणून गेला नाही, असं शाळेत ऐकलं होतं. त्या वर्षी स्कॉटलंडही गेला नाही म्हणतात. मग वुडबर्न विश्वचषक खेळला की नाही?
— एक वाचक, मडगाव

नाही खेळला, आणि कारण त्याच्या हातात नव्हतं. ब्रिटनमधल्या चार देशांच्या स्पर्धेतल्या पहिल्या दोघांना ब्राझीलला जाता येणार होतं. स्कॉटिश असोसिएशनने आधीच जाहीर केलं होतं की आम्ही जाऊ ते विजेते म्हणूनच. १५ एप्रिल १९५० ला हॅम्पडेनवर इंग्लंडशी निर्णायक सामना झाला. बरोबरी झाली असती तरी विजेतेपद वाटून मिळालं असतं. चेल्सीच्या रॉय बेंटलीने एक गोल केला, विली बॉल्डचा फटका आडव्या दांड्याला लागून परतला, आणि स्कॉटलंड ०-१ ने हरलं. वुडबर्न त्या सामन्यात सेंटर-हाफ होता, यंग कर्णधार. यंगने निर्णय बदला म्हणून विनवलं, इंग्लंडचा कर्णधार बिली राइटही त्याच्या बाजूने बोलला, पण असोसिएशन हललं नाही. पात्र ठरलेला संघ घरी बसला.

भारताचं म्हणाल तर अनवाणी पायांची गोष्ट नंतर पसरली. भारत इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात होता. माघार घेताना भारतीय महासंघाने सांगितलेली कारणं होती संघनिवडीचे वाद आणि सरावाला अपुरा वेळ. शिवाय त्या काळी आपल्याकडे खरा मान ऑलिंपिकला होता. दोन देश, दोन वेगळी कारणं, पण दोन्हीकडे निर्णय खेळाडूंनी घेतलेला नव्हता.

एका जुन्या लेखात वुडबर्नचा उल्लेख ‘बिग बेन’ असा आहे. घड्याळाशी काही संबंध?
— एक विद्यार्थी, सोलापूर

नाही. १९४८ मध्ये रेंजर्सने लिस्बनला जाऊन बेनफिका संघाला हरवलं. त्यानंतरच्या मेजवानीत वुडबर्न सारखा बेनफिकाचा जयजयकार करत होता, त्यावरून सोबत्यांनी ‘बेन’ नाव पाडलं. उंच म्हणून ‘बिग’.

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, स्टॉपर खेळतो. जुन्या काळचे चामड्याचे जड चेंडू डोक्याने मारून खेळाडूंच्या मेंदूवर परिणाम झाला असं वाचलं. आता चेंडू हलके आहेत, तर काळजीचं कारण नाही ना?
— एक आई, डोंबिवली

काळजी घ्यायला हवी, आणि ‘आता चेंडू हलके आहेत’ ही समजूत आधी बाजूला ठेवा. १९३७ पासून नियमातलं वजन १४ ते १६ औंस, म्हणजे साधारण ३९७ ते ४५४ ग्रॅम. आजचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम. कोरडा चेंडू तेव्हाही तेवढाच होता. फरक पावसात पडायचा. चामड्याच्या पट्ट्या शिवलेल्या, आत रबरी ब्लॅडर, तोंडाशी बुटासारखी नाडी. चामडं पाणी प्यायचं आणि चेंडू जड व्हायचा. नाडीची बाजू कपाळावर बसली की कातडी फाटायची. म्हणून अनुभवी सेंटर-हाफ चेंडू येताना नाडी कुठे आहे ते पाहायचे. आजचा चेंडू पाणी पीत नाही, पण जास्त वेगाने येतो.

या विषयावरचा सर्वांत मोठा अभ्यास वुडबर्नच्याच देशातला आहे. ग्लासगो विद्यापीठाने १९०० ते १९७६ दरम्यान जन्मलेल्या ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी २३,०२८ सामान्य लोकांशी ताडून पाहिल्या. २०१९ चा निष्कर्ष असा की, स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये सुमारे साडेतीन पट होतं. २०२१ मध्ये जागांनुसार पाहिलं तेव्हा बचावपटूंचा धोका सर्वांत जास्त निघाला, जवळजवळ पाच पट. गोलरक्षकांमध्ये लक्षणीय वाढ नव्हती. आणि जुन्या पिढीत जास्त, नव्या पिढीत कमी असा फरकही दिसला नाही. याच खेळाडूंना हृदयविकाराने मृत्यू मात्र कमी आले, हेही सांगायला हवं. खेळ सोडवू नका.

२०२० पासून स्कॉटिश असोसिएशनने बारा वर्षांखालच्या मुलांच्या सरावात हेडिंग बंद केलं आहे. तुमच्या मुलाच्या प्रशिक्षकांना तेवढंच सांगा : सरावात हेडर नको. तंत्र शिकवायचंच असेल तर फुग्याने किंवा स्पंजच्या चेंडूने. डोळे उघडे, मान ताठ, कपाळाच्या वरच्या भागाने, टाळूने कधीच नाही. सामन्यात डोक्याला डोकं लागलं आणि मूल गोंधळलं, ओकारी आली, किंवा डोकं दुखतंय म्हणालं, तर त्याच क्षणी बाहेर, डॉक्टरकडे, आणि ‘बरं वाटतंय’ म्हणून त्याच सामन्यात परत नाही. आज बदली खेळाडू आहेत. वुडबर्नच्या वेळी ती सोय नव्हती.

मी पेठेतल्या मुलांना शिकवतो, वय पंधरा-सोळा. तीन बचावपटूंचं ते बिजागरीसारखं फिरणं मुलांकडून कसं करून घ्यायचं? तोंडी सांगून डोक्यात शिरत नाही.
— एक प्रशिक्षक, कोल्हापूर

आधी चालत करून घ्या, विरोधक न ठेवता. अर्धं मैदान पुरेसं आहे. तिघांना जागेवर उभं करा आणि तुम्ही चेंडू घेऊन त्यांच्या उजव्या टचलाइनजवळ, गोलपासून पंचवीस-तीस मीटरवर उभे राहा. उजवा फुल-बॅक तुमच्यापासून दोन-तीन मीटरवर येईल, शरीर किंचित तिरकं, म्हणजे तुम्हाला आत येण्याची वाट बंद आणि रेषेकडची उघडी. स्टॉपर त्याच्या आतल्या बाजूला आठ-दहा मीटर आणि चार-पाच मीटर मागे. डावा फुल-बॅक थेट गोलच्या मध्यापर्यंत आत येईल, स्टॉपरपेक्षाही दोन-तीन मीटर मागे. वरून पाहिलं तर तिघांची एक तिरकी रेघ दिसली पाहिजे. आता चेंडू पलीकडच्या साथीदाराला द्या. अट एकच : चेंडू प्रवासात असतानाच तिघं हलले पाहिजेत. तो पोहोचल्यावर हलायला लागले तर उशीर झाला. दहा मिनिटं असं चालत, मग पाच मिनिटं धावत.

त्यानंतर पाच आघाडीवीर विरुद्ध तीन बचावपटू, दोन विंग-हाफ आणि गोलरक्षक. चार मिनिटांचे चार डाव, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. जास्त ताणलं तर मुलं दमून जागा सोडतात आणि चुकीचीच सवय लागते.

चुका ठरलेल्या असतात. पहिली, तिघं एका आडव्या रेषेत येतात, मग मधून निघालेला एक पास तिघांना एकदम कापतो. दुसरी, स्टॉपर चेंडूच्या मोहाने कडेला धावतो. तिथे त्याने चेंडू जिंकला तरी पुढच्या वेळी मध्य उघडा पडतो, म्हणून जिंकला तरी थांबवून सांगा. तिसरी आणि सगळ्यात चिवट : पलीकडचा फुल-बॅक आपल्या विंगरला चिकटून राहतो, कारण त्याला वाटतं ‘माझा माणूस सुटेल’. त्याला पटवा की लांबच्या विंगरकडे चेंडू हवेतून यायला दोन-तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो बाहेर पोहोचतो. मधून येणारा पास मात्र एका सेकंदात गोलसमोर असतो. चौथी, मुलं फक्त चेंडू बघतात. खांदे असे वळवून उभं राहायला शिकवा की एका नजरेत चेंडू आणि दुसऱ्या नजरेत माणूस, मान फार न फिरवता दिसेल.

ही तिरकी रेघ घेतली की ऑफसाइडचा सापळा सोडावा लागतो, कारण सगळ्यात मागे असलेला फुल-बॅक समोरच्यांना ऑनसाइड ठेवतो. तुमचा संघ चार जणांच्या सपाट फळीने आणि दोन स्टॉपरनी खेळत असेल, तर हे जसंच्या तसं वापरू नका. तेव्हा एक स्टॉपर चेंडूवर गेला की दुसऱ्याने त्याच्या मागे तीन-चार मीटर पडायचं, आणि चेंडू मागे खेळला गेला की चौघांनी एकदम वर यायचं. वर यायचा आवाज एकानेच द्यायचा, आणि तो कोण हे सामन्याआधी ठरवायचं.